आलूच्या पिठाची नानकटाई

कोसमटोला, ता. सालेकसा
दि. २२ ऑगस्ट १९९९

ती. स्व. सौ. भूमेश्वरीबाईंस,
रुख्माचा सा. न. वि. वि.

डबा शनिवारी शालीकरामच्या हातून पोचला. दूधवाला असला तरी माणूस इमानदार आहे, एक नानकटाई कमी नव्हती. मी नाही मोजल्या, तुमचे भाऊ मोजून राहिले होते. मागच्या पाकिटावर मी जिल्हा भंडारा लिहिलं म्हणून तुम्ही मले चांगलंच टोचलं. बरं बाई, आता गोंदिया स्वतःच जिल्हा झाला आणि तुम्ही जिल्ह्याच्या ठिकाणच्या बेकरीवाल्या. यापुढे चूक होणार नाही.

धानाची रोवणी आटोपली. वीस दिवस मी बांधीत होते, सासूबाईंच्या गुडघ्यानं पोरीमागे धावणं होत नाही, म्हणून रुचिले बायजाबाईकडे ठेवलं. आपल्या बांधीत रोवणीले येते तीच गोंडीण, गावाबाहेरच्या टोलीवरची. तुम्ही तर तिले लग्नाआधीपासून ओळखता.

आता जे लिहून राहिली ते नीट वाचा. रुचिले पाचवं वर्ष लागलं पण अंगावर मांस नाही. पोट तेवढं नगाऱ्यासारखं आणि हातपाय काड्या. दिवसातून पाच-सहा वेळा जुलाब. पण बायजाबाईकडे वीस दिवस नुसती तांदळाची पेज आणि भाजी खाल्ली, तर जुलाब बंद! कोंबड्यांच्या मागे धावत होती म्हणे. घरी आणली, आणि आठ दिवसांत पुन्हा तेच, म्हणून परत तिच्याकडेच ठेवली आहे. बायजाबाई म्हणते, पोरीले पेजच मानवते, आणखी महिनाभर माझ्याजवळ राहू द्या. तुमचे भाऊ हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. तुम्ही मोठ्या आहात, शिकलेल्या आहात. तुम्ही म्हणाल तसं करीन.

लोभ कमी करू नका, डबा कमी केला तरी चालेल.

तुमची,
रुख्मा


गोंदिया
दि. ५ सप्टेंबर १९९९

चि. सौ. रुख्मा हीस,
भूमेश्वरीचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून यांना दाखवलं तर हे म्हणाले, भूमे, आधी पाणी पी मग उत्तर लिही. पाणी पिऊनच लिहून राहिले, पण राग गेलेला नाही. अगं, पवाराची लेक दुसऱ्याच्या दारात पेज पिऊन राहिली आणि तू मला आनंदानं कळवतेस? रूपलालला काही समजत नाही हे मला लहानपणापासून माहीत आहे, पण तुला तर समजावं. लोक काय म्हणतील, की रूपलालच्या घरी पोरीला खायला नाही?

आणि पेजेत असतं काय? पाणी. भातानं पोट भरते, अंग भरत नाही. आपल्याकडे आजारी माणसासाठी, बाळंतिणीसाठी गहू विकत आणतात तो काय उगाच? आपले बाबा तापातून उठले ते गव्हाच्या शिऱ्यावर उठले, हे आईला विचार. पोरीच्या अंगात ताकदच नाही, म्हणून पोट धरत नाही. पहिल्यांदा तिला घरी आण.

आजपासून दर शनिवारी दोन डबे येतील. एकात नानकटाई, एकात टोस. दुधात बुडवून सकाळ, दुपार, संध्याकाळ द्यायचे. नखरे करेल, तू ऐकू नकोस. आत्याच्या हातचं आहे म्हणावं. इथे माझ्या बेकरीतले बिस्किट खाऊन मोहल्ल्यातली पोरं गब्दुल झाली, आणि माझीच भाची काडी राहील का?

लेकीला माझ्यातर्फे एक गालगुच्चा. तू मात्र रागावू नकोस, रागावलीस तरी पत्र लिही.

तुझी,
भूमेश्वरी


कोसमटोला
दि. ११ मार्च २०००

ती. स्व. सौ. भूमेश्वरीबाईंस,
सा. न.

तुम्ही रुचिच्या तेरवीले होत्या, सगळं पाहून गेल्या, म्हणून लिहिण्यासारखं काही नाही. डॉक्टरनं सलाईन लावली, कमजोरी आहे म्हणाले, टॉनिक दिलं. शेवटी पायावर सूज आली होती. हात एवढे बारीक आणि पाय सुजलेले, हे मी विसरू शकत नाही.

तुम्ही जाताना सांगितलं तसं केलं. तिच्या नावाचं पान वाढलं, आणि तिले आवडायच्या म्हणून तुमच्या नानकटाया ठेवल्या. यापुढे पितृपक्षात दरवर्षी ठेवीन. बायजाबाई दाराशी येऊन बसली होती, सासूबाईंनी तिले आत घेतलं नाही. त्यांच्या मनात आहे की तिच्याच घरी पोरीले काहीतरी लागलं. मी पान वाढत राहिले.

डबा आता पाठवू नका, पितृपक्षाले लागतील तेवढ्याच पाठवा. पाहवत नाही.

रुख्मा


कोसमटोला
दि. १४ ऑक्टोबर २००८

ती. स्व. सौ. भूमेश्वरीबाईंस,
सा. न. वि. वि.

तुमचा भाचा खुमेंद्र सहा वर्षांचा झाला तेव्हापासून तुमचा डबा पुन्हा सुरू झाला, त्याले वर्ष होत आलं. फोनवर हे बोलता येत नाही. एक तर रेंजसाठी टेकडीवर जावं लागते, आणि टेकडीवर अख्खं गाव कान लावून उभं असते.

बाई, मले भेव लागून राहिलं. खुमू वाळून चालला. तेच जुलाब, तसंच पोट. दुपारी धान साठवायच्या ढोलीच्या आडोशाले जाऊन बसते, गुडघे छातीशी घेऊन, पोटावर हात. रुचि नेमकी तिथंच बसायची. खुमू ती गेल्यावर दोन वर्षांनी झाला, त्यानं तिले पाहिलं नाही. पहिल्या दिवशी मी परड्यातून आत आले आणि उजेडातून अंधारात काही दिसलं नाही, तर माझ्या तोंडातून रुचि म्हणूनच हाक निघाली. त्यानं ओ दिली.

घरात नानकटाईचा वास येते. डबा संपलेला असते, धुऊन पालथा घातलेला असते, आणि भर दुपारी वास येते, जणू आताच भट्टीतून काढल्या. सासूबाई खाटेवर पडून आहेत, एक अंग गेलं, तोंडातून शब्द निघत नाही. त्याही नाक वर करून वास घेतात, मग माझ्याकडे पाहतात.

सगळ्यात वाईट तर पुढेच आहे. परवा मोहफुलांची टोपली उपसली, तर खाली नानकटाया. अकरा-बारा असतील, मुंग्या लागलेल्या. रुचि अशीच लपवायची, त्याच टोपलीत. ती गेल्यावर मले सापडल्या होत्या, मी कोणाले सांगितलं नव्हतं. तुमच्या भावालेही नाही. मग खुमूले कोणी सांगितलं? मी विचारलं, तर म्हणे, ती पोरगी सांगते की खाऊ नको, टोपलीत टाक. कोणती पोरगी, तर म्हणे, ढोलीजवळची.

मले वाटते, रुचि भुकेली आहे. तिच्या वाटणीचं तिले पुरत नाही म्हणून भावाच्या तोंडातलं काढून घेते. वर्षातून एकदा पान वाढून काय होते? म्हणून आता रोज सकाळी ढोलीजवळ तिच्या नावाच्या दोन नानकटाया ठेवते, आणि खुमूले दोन जास्त चारते. डबा मोठा पाठवा. हसू नका बाई, माझं दुसरं लेकरू चाललं.

तुमच्याशिवाय कोणाले सांगू?

रुख्मा


गोंदिया
दि. १८ जानेवारी २००९

चि. सौ. रुख्मा हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं लेकरू कुठं चाललं नाही. माझ्या घराच्या छतावर बसून आलूचा कीस वाळत घालून राहिलं. हे वाक्य दोनदा वाच आणि मग पुढचं वाच.

आईला सोडून तुला येता आलं नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. मी बोलावल्यावर रूपलाल त्याला घेऊन आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही नागपूर गाठलं. रक्त तपासलं, नळी घालून आतडं पाहिलं. शाब्बास तुझ्या पोराची, रडला नाही. रडला तो तुझा नवरा. डॉक्टर म्हणतात याला सिलियाक म्हणतात. गव्हात एक चिकट भाग असतो, काही लेकरांचं आतडं त्यानं आतून सोलून निघते. मग दूध द्या, तूप द्या, काही अंगी लागत नाही. औषध एकच, गहू बंद. पोळी, मैदा, रवा, सगळं बंद, आणि जन्मभर. भात चालतो. पेज चालते.

महिनाभर इथेच ठेवते, रंग पाहूनच पाठवीन. पण बेकरीवाल्या आत्याचं घर, खाली भट्टी, दिवसभर पावाचा वास, आणि याला भात! चौथ्या दिवशी पायरीवर बसून एवढा रडला की यांनी दुकान अर्धा तास बंद ठेवलं. मग मी म्हटलं, थांब रे बाबा, गव्हाशिवाय पाव होत नाही असं कोणत्या पोथीत लिहिलं आहे?

डॉक्टरांकडच्या बाईनं सांगितलं, आलूचं पीठ चालते. आलू उकडले, किसले, छतावर वाळवले, चक्कीतून दळून आणले. पाव केला. फुगला नाही, मधून लिबलिबीत, वरून वीट. हे म्हणाले, खाटेचा एक पाय डुगडुगतो, त्याखाली ठेव. खुमूनं तरी आवडीनं खाल्ला, आणि रात्रीपासून पुन्हा जुलाब. विचार करून करून लक्षात आलं की चक्कीत आधी कोणाचा गहू दळला होता, तेवढ्यानंच झालं. आता नवीन जातं आणलं आहे. घरच्या जात्यानं जन्मभर गहू दळला, त्याचा भरवसा नाही. भट्टीतही मैदा उडतो, म्हणून वर छतावरच शेगडीवर पातेल्यात वाळू तापवते आणि त्यात भाजते. तांदळाचं पीठ निम्मं घातलं, चिकटपणाला इसबगोलाचा भुसा, तेव्हा कुठं पाव पावासारखा झाला. नानकटाई तर पहिल्याच वेळी जमली. आलूचं पीठ, तांदळाचं पीठ, तूप, साखर, इलायची. तोंडात टाकली की विरघळते.

तू ढोलीजवळ काही ठेवत असशील तर बंद कर. काऊन ते विचारू नकोस, बंद कर एवढंच.

आईच्या पाठीला तेल लावत जा. तुझ्यावरची माया पत्रात मावत नाही, म्हणून सोबत पिठाची पिशवी.

तुझी,
भूमेश्वरी


कोसमटोला
दि. ९ एप्रिल २००९

ती. स्व. सौ. भूमेश्वरीबाईंस,
सा. न. वि. वि.

तुमच्या भाच्याचं वजन तीन किलोनं वाढलं. धान्याच्या काट्यावर तोलला. शाळेत डब्यात आलूचा पाव नेते, आणि मास्तरांनी एक घास मागितला तर दिला नाही म्हणे. हा तुमचा गुण. मीही पाव करून पाहिला. पहिला चुलीत गेला, दुसरा गाईनं हुंगून सोडला, तिसरा जमला. नवं जातं आणून, धुऊन, ऊन देऊन, वेगळं ठेवलं आहे. सासूबाईंनी पण चाखला आणि उजव्या हातानं आणखी मागितला.

आता टोपलीत काही सापडत नाही. खुमू ढोलीजवळ बसत नाही.

बाई, मी सातवी शिकली, पण एवढं समजते. डॉक्टरनं तुमच्या भावाले सांगितलं की हा आजार रक्तातून येते, भावाबहिणीत असू शकते. हे घरी येऊन मले सांगता सांगता मधेच थांबले, आणि बैलांना पाणी दाखवाले गेले. बैल तर आपण मागच्या सालीच विकले. तुम्ही तिथं खोलीत होत्या. रुचिचं नाव निघालं होतं का? तुम्ही ढोलीजवळ ठेवणं बंद कर लिहिलं, काऊन ते लिहिलं नाही. तीन महिने मी स्वतःले समजावून राहिली, आता होत नाही. जे असेल ते लिहा. गोड करून लिहू नका.

उत्तराची वाट पाहीन, उशीर करू नका.

रुख्मा


गोंदिया
दि. २ मे २००९

चि. सौ. रुख्मा,
आशीर्वाद लिहायला आज हात उचलत नाही.

निघालं होतं नाव. डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कोणी लेकरू असं गेलं का. रूपलाल खाली पाहत राहिला, मी सांगितलं. काय खायची विचारलं, तेही सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवला. म्हणाले, आता छातीठोक कोणी सांगू शकणार नाही, तिचा कागद नाही, रक्त नाही. पण लक्षणं तीच आहेत. मग हळूच म्हणाले, तुम्हाला माहीत नव्हतं. बाहेर येऊन मी नळाखाली हात धूत राहिले, किती वेळ ते माहीत नाही.

रुख्मा, सहा महिने दर शनिवारी दोन डबे. पीठ मी चाळलं, तूप मी फेसलं, भाजून मी काढलं, सुतळी मी बांधली. पोरगी बायजाबाईच्या घरी पेजेवर बरी होऊन राहिली होती, तिथून तिला ओढून आणायला मी लावलं. पवाराची लेक म्हणून! लोक काय म्हणतील म्हणून! बायजाबाईला आईनं दारात बसवलं, आणि तीच एकटी बरोबर होती.

आणि ती गेल्यावरही आपण सोडलं नाही. नऊ वर्षं पितृपक्षात तिच्या पानावर तेच वाढून राहिलो. जे तिला आत सोलत होतं तेच, वर्षातून एकदा, हात जोडून. तू लिहिलंस की ती भावाच्या तोंडातलं काढून घेते. काढूनच घेत होती, रुख्मा. भुकेपोटी नाही.

ते पत्र वाचल्यापासून आमच्याकडेही भर दुपारी, भट्टी विझलेली असताना, खाली कोणीतरी खोकल्यासारखं वाटते. मी जात नाही पाहायला. आत्या म्हणून हाक मारली तर काय उत्तर देऊ?

माफ कर असं लिहायची माझी लायकी नाही. तरी लिहिते, माफ कर. बोलावंसं वाटेल तेव्हा बोलाव, नाही वाटलं तरी पीठ दर महिन्याला येत राहील.

भूमेश्वरी


कोसमटोला
दि. २१ सप्टेंबर २००९

ती. स्व. सौ. भूमेश्वरीबाईंस,
सा. न. वि. वि.

साडेचार महिने उत्तर दिलं नाही. तुमची नंतरची दोन पत्रं मी फोडली नाहीत, आता फोडून वाचली. पिठाची पिशवी मात्र दर वेळी घेतली, कारण लेकराले खायला लागते.

खोटं कायले लिहू, खूप राग आला. तुमचं नाव निघालं की मी तुमच्या भावावर खेकसायची. तीनदा पत्र लिहाले बसली, की तुम्ही माझी पोरगी खाल्ली. तीनदा फाडलं. दर वेळी एकाच जागी येऊन हात थांबायचा, ती जागा शेवटी लिहिते.

पितृपक्ष झाला. या वेळी बायजाबाईले मी स्वतः टोलीवर जाऊन बोलावलं. म्हातारी झाली, काठी टेकत आली. सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, मी तर एक महिना मागितला होता, कायमची नव्हती मागितली. मग घरात आली, सासूबाईंच्या खाटेजवळ बसली. सासूबाईंनी तिचा हात धरला तो सोडतच नव्हत्या. पान वाढलं. पेज ठेवली, आणि आलूच्या पिठाच्या दोन नानकटाया, खुमूनं आपल्या हातानं वळलेल्या, एक वाकडी. तुमचे भाऊ पानासमोरून उठून बाहेर गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

आता ते लिहिते. मी तुमाले लिहिलं होतं की रुचिनं लपवलेल्या नानकटाया ती गेल्यावर सापडल्या. ते खोटं आहे. ती जिवंत असतानाच सापडल्या होत्या, संक्रांतीच्या आधी. मी विचारलं, तर म्हणाली, आई, हे खाल्लं की पोटात आग लागते. साफ शब्दांत म्हणाली, बाई. पाच वर्षांच्या पोरीनं, डॉक्टरले समजलं नाही ते मले सांगितलं. आणि मी तिले थापड मारली. म्हणलं, आत्या एवढ्या मायेनं पाठवते आणि तू मुंग्यांना चारते? मांडीवर दाबून बसवली आणि टोपलीतल्या सगळ्या एकेक करून चारल्या. ती रडली नाही, गिळत राहिली. त्याच्यानंतर तिनं कधी लपवल्या नाहीत. मी दिल्या तेवढ्या खाल्ल्या, शेवटपर्यंत.

तुम्ही पाठवल्या, चारल्या मी. तुमाले कोणी सांगितलं नव्हतं, मले सांगितलं होतं.

माझा तुमच्यावर राग राहिला नाही. दिवाळीले या, भाऊजींनाही आणा. खुमू वाट पाहते.

वास आता येत नाही. खुमूले मी रोज विचारते, ती पोरगी दिसते का रे? तो म्हणते, नाही आई, मी पोळी सोडली तेव्हापासून नाही आली. तरी मी दुपारी ढोलीजवळ जाऊन बसते. नुसती कोठी राहते, काही नाही.

तुमाले माफी मागाले मी तरी होते, बाई. मी कोणाले पत्र लिहू?

तुमची,
रुख्मा